खूण सांग

दर शनिवारी सकाळी नऊ वाजता अनसूया तोरस्करांची यादी निघायची. 'शिक्षक आणि ग्रंथपालांसाठी या आठवड्याची वाचनसाधनं' असं तिचं साधंसुधं नाव, पण राज्यातल्या चार हजार शाळांत ती उघडली जायची. मोफत चित्रकथा कुठल्या संकेतस्थळावर आहेत, जोडाक्षरं शिकवायला कुठला खेळ बरा, कुठली बोलकी पुस्तकं नुसतीच बडबडी आहेत, हे सगळं त्या स्वतः तपासून लिहायच्या. दिवसातून दोनदा एसटी येणाऱ्या आंबेखोलच्या ग्रंथपालबाईंना राज्यभरच्या मास्तरांनी विचारावं, ही काही लहान गोष्ट नव्हती, आणि बाईंना ती लहान वाटतही नव्हती.

यादीत पहिला क्रमांक तीन वर्षं न चुकता एकाचाच असायचा, तो म्हणजे वाचनसेतूचा.

वाचताना आपले डोळे ओळीवरून सरळ घसरत जात नाहीत. उड्या मारत जातात. एका जागी सेकंदाच्या चौथ्या हिश्श्याएवढा मुक्काम, मग पुढची उडी. शब्द अडला की मुक्काम लांबतो, कधी डोळे मागेही वळतात. हे शास्त्र जुनंच. वाचनसेतूनं त्याला नवी जोड दिली. मुलांच्या पाटीवर, म्हणजे हातातल्या पडद्यावर, मोहरीएवढा कॅमेरा बसवला आणि त्याच्यामागे भाषेचं यंत्र. मुलाचा डोळा जिथे नेहमीपेक्षा जास्त रेंगाळला तो शब्द यंत्र हेरायचं आणि पुढच्या वेळी त्याच्या जागी सोपा शब्द मांडायचं. शिवाय रेंगाळलेल्या जागेपासून पुढची भाषा तिथल्या तिथे एक पायरी खाली उतरायची.

त्यामुळे वर्गात चाळीस मुलं असली तर एका गोष्टीच्या चाळीस प्रती व्हायच्या, प्रत्येकाला आपापल्या मापाची. पाचवीची जी पोरं 'वि-द्या-र्थी' म्हणताना घामाघूम व्हायची ती धडाधडा वाचायला लागली. तपासणीला आलेले साहेब खूश झाले. कागदी पुस्तकांची कपाटं हलली, त्यांच्या जागी पाट्या चार्ज करायच्या मांडण्या आल्या. बाईंना थोडं वाईट वाटलं, पण पोरं वाचताहेत म्हटल्यावर कपाटांचं काय एवढं, असं त्यांनी मनाला समजावलं.

त्या बुधवारी ग्रंथालयाच्या तासाला सहावीतली केतकी सुतार त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मुलगी मुळात बोलकी. आई गेल्यापासून मात्र गरजेपुरतंच बोलायची. तिची आई द्वारका शाळेच्या आहारघरात खिचडी शिजवायची. वीस महिन्यांपूर्वी काविळीनं ती चार दिवसांत गेली. त्याआधी एकदा, गावातल्या गोष्टी पोर्टलवर चढवायचा उपक्रम निघाला तेव्हा, बाईंनी आहारघरात बसून द्वारकाची एक गोष्ट शब्दाला शब्द वहीत उतरवून घेतली होती. वाचनसेतूवर 'गावगोष्टी' या दालनात ती अजूनही होती.

"मॅडम," केतकी म्हणाली, "आईची गोष्ट कोण खोडायलंय?"

बाईंनी तिची पाटी हातात घेतली. पडद्यावर होतं: 'एक बाई होती. तिला राग आला. तिने राग छताखाली ठेवला.' आणि अगदी शेवटी: 'गोष्ट संपली. जेवण कोणाला हवे?'

ही द्वारकाची भाषा नव्हे, एवढं बाईंना लगेच कळलं. द्वारका 'हवे' म्हणणाऱ्यांतली नव्हती. त्यांनी स्वतःची पाटी उघडली. तिथे गोष्ट जरा बरी होती, पण बाईंना ती वहीतली वाटेना, आणि शेवट तर तोच, जेवण कोणाला हवे. मग त्यांनी सगळ्या वर्गाच्या पाट्या मागवून ती गोष्ट उघडायला लावली. द्वारकाच्या हातचं सगळ्यांनीच खाल्लेलं, तेव्हा गोष्टही सगळ्यांनी वाचलेली. सुरुवातीच्या ओळी कुणाकुणाकडे बऱ्या होत्या. शेपूट मात्र सगळ्यांचंच झिजलेलं होतं.

केतकीनं ती गोष्ट दीड वर्षात तीनशेच्या वर वेळा वाचली होती. आईच्या शब्दापाशी आली की ती थांबायची, आणि तिला वाटायचं, आई जवळ बसून बोलतेय. दुसऱ्या दिवशी तो शब्द तिथे नसायचा.

"आता मी त्या शब्दांकडं बघतच न्हाई," केतकी म्हणाली. "आजूबाजूचंच वाचती. बघितलं की जातंय. पण आता न बघायला बी काय उरलं न्हाई."

अकरा वर्षांच्या पोरीनं आवडत्या गोष्टीकडे न बघायची सवय लावून घेतलेली, आणि आपण शेजारच्या टेबलावर बसून याद्या करत होतो. बाईंना स्वतःची शरम वाटली. मूळ शब्द तुला आठवतात का, असं त्यांनी विचारलं. केतकीनं नाही म्हणून मान हलवली. रोज वाचून वाचून पडद्यावरचीच गोष्ट तोंडात बसली होती, आणि आईची कधी निसटली ते तिला कळलं नव्हतं.

बाईंनी वाचनसेतूच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. त्यानं सांगितलं की मूळ मजकूर नव्वद दिवसांनंतर ठेवला जात नाही. ठेवला जातो तो आशयाचा सांगाडा, म्हणजे कोण होतं, काय झालं, शेवट काय. आणि प्रत्येक वाचकाची त्याची त्याची प्रत. मूळ वही आपल्याकडे असेलच ना, असं त्यानं विचारलं. ती वही कपाटांबरोबर रद्दीत गेली होती, आणि रद्दीच्या पावतीवर सही बाईंचीच होती. फोन ठेवताना तो अभिनंदन करायलाही विसरला नाही, कारण त्या विद्यार्थिनीचा वाचनवेग अडतीस टक्क्यांनी वाढला होता.

पण बाईंना खरी टोचणी होती ती दुसरीच, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

यंत्र शिकाऊ होतं तेव्हा राज्यातून दोनशे शिक्षक आणि ग्रंथपाल निवडले होते, त्यांत तोरस्करबाई होत्या. काम सोपं होतं. पडद्यावर एखादं मूल वाचताना दिसायचं. त्याचा डोळा कुठे थांबला की चित्र गोठायचं, आणि खाली दोन बटणं यायची. एक 'अडखळला', दुसरं 'लक्ष उडालं'. जे योग्य ते दाबायचं. तिसऱ्याच दिवशी एक मुलगी 'गूळ' या शब्दावर थांबली आणि स्वतःशीच हसली. बाईंनी तिथल्या तरुण प्रशिक्षकाला विचारलं होतं, ही अडखळलेली नाही आणि हिचं लक्षही उडालेलं नाही, मग काय दाबू? तो म्हणाला, थांबली म्हणजे काहीतरी अडलंच असणार ना मॅडम. बाईंनी 'अडखळला' दाबलं. तीन आठवड्यांत त्यांनी अकरा हजार थांबे असे निकालात काढले. सर्वांत जास्त त्यांचेच. त्याबद्दल प्रमाणपत्रही मिळालं. आयुष्यभर पुस्तकं राखायला ठेवलेलं कुंपण, आणि शेत खायला त्यानंच यंत्राला शिकवलं होतं.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. शुक्रवारी ग्रंथालयात बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात एक विचार आला. जो थांबला त्याची गोष्ट गेली. मग जो कुठेच थांबला नसेल त्याचं काय? ज्याला त्या गोष्टीचं काडीचंही कौतुक नाही, ज्यानं ती नुसती वरून खाली सरकवली, त्याच्या पाटीत द्वारका अख्खी असणार. वळचणीचं पाणी आढ्याला चढतं म्हणतात ते असं.

असा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. मुख्याध्यापक हेरेकर सर गणिताचे. 'गावगोष्टी'तली प्रत्येक गोष्ट मुख्याध्यापकानं वाचून मंजूर करायची असा नियम होता, आणि सरांनी एका दुपारी चहा पिता पिता एकशे बारा गोष्टी बोटानं सरकवून मंजूर केल्या होत्या. सर प्रामाणिक, त्यांनी ते लपवलं नाही. उलट, गोष्टी वाचायला मला कुठला वेळ, असंच म्हणाले. बाईंनी त्यांना सगळं सांगितल्यावर मात्र त्यांनी लगेच आपली पाटी काढली. द्वारका गेली तेव्हा तिच्या चितेची लाकडं रचायला तेही होते.

अडचण एवढीच की पाटी आपल्या मालकाचा चेहरा पाहूनच उघडायची, आणि परीक्षेचा मजकूर फुटू नये म्हणून तिच्या पडद्याचा फोटो काढला तर नुसत्या काळ्या पट्ट्या उमटायच्या. तेव्हा सरांनी मोठ्यानं वाचायचं आणि बाईंनी मोबाइलवर आवाज उतरवून घ्यायचा, असं ठरलं. संधी एकच होती. सर मध्ये रेंगाळले की तिथून पुढची भाषा उतरणार, आणि उतरलेली पुन्हा चढत नाही.

"कुठंही थांबू नका, सर," बाई म्हणाल्या. "समजून घेऊ नका. पाढे म्हणतो तसं वाचा."

"ते जमेल," सर म्हणाले. आणि दार लोटून त्यांनी सुरुवात केली.

"एक व्हती बाई. तिला आला रुसवा. आता रुसवा घिऊन रानात कसं जायचं? म्हणून तिनं वळचणीचा इळा काढला नि त्या जागी रुसवा खोवला."

खोवला! वहीत उतरवलेला तोच तो शब्द. बाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला, कारण त्यांच्या आवाजानं सर थांबले तर सगळंच संपलं असतं. सर पाढे म्हटल्यासारखे वाचत होते. बाई रानात गेली, दिवसभर तण काढत भांगलली, हसली, गाणी म्हटली. रुसवा घरी होता ना. संध्याकाळी येऊन बघते तर वळचण रिकामी. शेजारणीनं आपला समजून नेलेला, आणि तिच्या घरात सगळे तोंडं फुगवून बसलेले. बाई गेली मागायला.

"शेजारीण म्हणती, तुझाच कशावरनं? खूण सांग. बाई म्हणाली, माझा रुसवा आळणी हाय. कालवणात मीठ कमी पडल्यालं, तवाचा हाय त्यो."

आणि हेरेकर सर हसले.

ते पूर्ण क्षणभरही नसेल. त्यांचे डोळे मागे वळले, 'आळणी'वर टेकले आणि तिथेच राहिले. दर रविवारी मीठ कमी म्हणून त्यांच्या घरीही जे काही व्हायचं ते बहुधा त्यांना आठवलं. ते पुढे वाचायला गेले तेव्हा पुढच्या तीन ओळी बदलून गेल्या होत्या. त्या त्यांनी तरीही वाचल्या. 'दोघी हसल्या. त्यांचा राग गेला. गोष्ट संपली. जेवण कोणाला हवे?'

सरांनी पाटी पालथी ठेवली. तीस वर्षांत मी पहिल्यांदा एखादी गोष्ट वाचली बाई, असं म्हणाले, आणि नेमकी तीच खाल्ली. बाईंनी त्यांना बोल लावला नाही. अकरा हजार बटणं दाबलेल्या बाईनं एका हसण्याचा काय हिशेब मागायचा?

त्याच संध्याकाळी त्यांनी शनिवारची यादी लिहिली. पहिल्या क्रमांकावर वाचनसेतू ठेवलं नाही. त्याऐवजी घडलं ते सगळं मांडलं: दोन बटणं, गूळ, केतकी. खाली लिहिलं, 'मूल थांबतं ते दर वेळी अडतं म्हणून नाही. कधी त्याला आपलं माणूस भेटलेलं असतं. तिसरं बटण येईपर्यंत हे साधन मुलांच्या हाती देऊ नका. चूक माझी आहे.' आता आपली यादी बंद होणार, प्रमाणपत्र परत मागणार, लोक नावं ठेवणार, अशी तयारी करून त्यांनी ती पाठवली.

शनिवारी काहीच झालं नाही. दुपारी एका परिचित शिक्षिकेचा फोन आला. नेहमीप्रमाणे यादी छान होती, म्हणाल्या. बाईंनी विचारलं, वाचनसेतूबद्दलचं वाचलंत ना? हो हो, त्या म्हणाल्या, वाचलं की. मूल अडलं की मदत करणारं साधन, तिसरं बटणही लवकरच येणार आहे म्हणे.

यादी शिक्षकांच्या दालनातून जायची, आणि दालन वाचनसेतूचं होतं, म्हणजे तिथेही तेच यंत्र डोळे टिपत होतं. ज्यांना ते वाक्य टोचलं ते तिथे थांबले असणार, आणि जे थांबले त्यांच्यासाठी ते लगेच सोपं झालं. ज्यांच्याकडे ते जसंच्या तसं पोचलं, त्यांनी ते वाचलंच नव्हतं. बाईंनी फोन ठेवला. दुकानातून शंभर पानी वही घेऊन पत्रंच लिहावी लागतील, असं त्यांना वाटलं. चार हजार पत्रं एका हातानं कधी व्हायची, हेही वाटलं. संध्याकाळी त्यांनी वही मात्र आणली. तिच्या पहिल्या पानावर आवाज ऐकत ऐकत द्वारकाची गोष्ट उतरवली, आणि शेवटच्या तीन ओळींची जागा कोरी ठेवली.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी केतकीला जवळ बसवून घेतलं आणि स्वतः वाचून दाखवली. 'खोवला' आल्यावर केतकीनं डोळे मिटून घेतले. 'आळणी'ला ती हसली, आणि पटकन हात तोंडावर नेला, हसून काही मोडलं की काय अशा भीतीनं. मग कोरी जागा आली.

"इथं आईनं काहीतरी विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "मला आठवत नाही गं. तुला?"

"जेवण कोणाला हवे," केतकी म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "न्हाई. आसलं न्हाई."

बाईंनी दुसऱ्या बाजूनं विचारलं. आईनं ते विचारलं की तू काय करायचीस?

"मी वरडायची. माझी, म्हणून."

"माझी?"

"माझी! आसं."

सगळा जन्म शब्दांत काढलेल्या बाईंना तेवढी खूण पुरली. जेवण असतं तर पोर 'माझं' म्हणाली असती. भात असता तर 'माझा'. 'हवे'ला उत्तर 'मला' असं येतं. म्हणजे द्वारकानं विचारलं होतं, अमुक कुणाची? आणि ते अमुक 'ती' होतं. दोघींनी शोधायला सुरुवात केली. भाकरी? द्वारका शाळेत भाकरी करायची नाही. वाटी? पंगत? खिचडी? केतकी प्रत्येक शब्दाला मान हलवायची, आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा अजून उतरायचा.

सुट्टी संपत आली. आहारघरात द्वारकाच्या जागी आता बायाक्का होत्या. त्यांनी खिचडीचं मोठं पातेलं आडवं केलं आणि तळाला लागलेला करपट थर उलथन्यानं ओढायला सुरुवात केली. खर्र, खर्र, असा आवाज खिडकीतून आत आला.

केतकीची मान वर झाली.

"खरवड," ती म्हणाली. अगदी हळू. "गोष्ट संपली, भात उतरला. खरवड कुणाची?"

तळाची ती कुरकुरीत खरवड द्वारका रोज एका माणसासाठी राखून ठेवायची. बाईंना एकदम तिचा राखाडी पदर, हातातलं उलथनं, आणि दारात वाटी घेऊन उभी असलेली एवढीशी केतकी दिसली. त्यांना रडू आवरेना. तशाच त्यांनी पेन उचललं आणि ओळ लिहिली. मधल्या दोन ओळी कोऱ्याच राहिल्या. त्या कुणालाच आठवल्या नाहीत. पण शेवट लागला.

त्यांनी वही केतकीपुढे सरकवली. केतकीनं पहिल्या ओळीपासून बोट धरून वाचलं, सावकाश, घरच्यासारखं. शेवटच्या ओळीवर आली तेव्हा तिनं पटकन अंगठा पुढे केला आणि 'खरवड' झाकून टाकली.

"अगं, बघ की," बाई म्हणाल्या. "हा कागद आहे. कितीही बघितलंस तरी जाणार नाही."

केतकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मॅडम खोटं बोलत नाहीत, हे तिला माहीत होतं. पाट्या आल्या तेव्हा, या तुमच्या चांगल्यासाठी आहेत, असंही मॅडमच म्हणाल्या होत्या.

ती आता रोज मधल्या सुट्टीत येते, वही उघडते, आणि शेवटची ओळ अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी वाचते. बाई समोर बसून चार हजारांतलं पुढचं पत्र लिहीत असतात. अंगठा उचल असं त्या आता म्हणत नाहीत, वाट बघतात.